मुलांचा खेळ आणि मोठ्यांचा हट्ट

बारा वर्षांच्या मुलास कोणती गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, याचा विचार आपण वडील माणसें फारसा करीत नाहीं. परीक्षेंतील पहिला नंबर, नवा सदरा, सणाचें पक्वान्न हीं सारीं त्याला हवींच असतात. परंतु सवंगड्यांनीं व शिकविणारांनीं "हा आमच्यांतला उत्तम" असें म्हणून चारचौघांतून त्याला निवडून पुढें उभें करावें, यासारखा आनंद त्या वयांत दुसरा नसतो. अमेरिकेंत या आनंदाची एक व्यवस्थित परंपराच उभी राहिली आहे. बेसबॉल हा त्या लोकांचा जिव्हाळ्याचा खेळ. गांवोगांवच्या मुलांतून निवडक संघ काढावयाचे, त्यांना 'ऑल-स्टार' म्हणजे 'सारे तारेच' असें कौतुकाचें नांव द्यावयाचें, आणि त्यांचे सामने मोठ्या थाटानें भरवावयाचे, ही चाल तेथें अनेक पिढ्या चालत आली आहे. या चालीचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण त्यांत १९५५ सालचें एक प्रकरण असें आहे कीं, तें मुलाबाळांच्या प्रत्येक घरांत वाचलें जावें.

बेसबॉल आपल्याकडे फारसा रुळलेला नाहीं. तेव्हां त्याची थोडक्यांत ओळख करून देणें बरें. प्रत्येक पक्षांत नऊ खेळाडू असतात. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांशीं चार ठाणीं असतात. त्यांनाच 'बेस' म्हणतात. एका ठाण्याशीं गोल दांडका घेऊन एक खेळाडू उभा राहतो, आणि चौकोनाच्या मध्यभागाजवळून प्रतिपक्षाचा गडी त्याच्याकडे चेंडू फेंकतो. चेंडू टोलवून क्रमानें सारीं ठाणीं गांठावीं व मूळ जागीं सुखरूप परत यावें, म्हणजे एक धांव झाली. मोठ्यांच्या खेळांत दोन ठाण्यांमधील अंतर ९० फूट असतें आणि सामना नऊ डावांचा होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं हेंच अंतर ६० फूट व डाव सहा ठेविलेले आहेत. हा फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु बापाचा अंगरखा मुलाच्या अंगावर न चढवितां मुलाच्याच मापानें नवा अंगरखा शिवावा, ही दृष्टि त्याच्या मुळाशीं आहे, आणि ती सुचावयास बराच काळ जावा लागला.

पहिलें पाऊल 'अमेरिकन लीजन' या निवृत्त सैनिकांच्या संस्थेनें टाकलें. पहिल्या महायुद्धानंतर तरुण मुलांना शिस्त व सांघिक वृत्ति यांचें वळण लागावें, या हेतूनें तिनें १९२५ सालीं मुलांच्या बेसबॉलची योजना हातीं घेतली. पुढें १९३३ सालीं शिकागो येथील प्रदर्शनाच्या निमित्तानें धंदेवाईक खेळाडूंचा पहिला मोठा ऑल-स्टार सामना झाला. 'शिकागो ट्रिब्यून' पत्राचे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड यांची ही कल्पना. आणि त्या सामन्यांतील पहिला 'होम रन', म्हणजे एका टोल्यांत पुरी होणारी धांव, सुप्रसिद्ध बेब रूथ यानें काढला. सर्वोत्तम खेळाडू एकाच मैदानावर एकत्र पाहण्याची गोडी लोकांना लागली, तेव्हां ती मुलांच्या खेळांत शिरण्यास वेळ लागला नाहीं.

१९४४ सालीं, दुसरें महायुद्ध चालू असतांनाच, 'एस्क्वायर' मासिकानें देशाच्या निरनिराळ्या भागांतील निवडक मुलांना न्यूयॉर्क शहरांतील 'पोलो ग्राउंड्स' या प्रख्यात मैदानावर बोलाविलें, आणि 'पूर्व' विरुद्ध 'पश्चिम' असा सामना भरविला. पूर्वेच्या मुलांचे मार्गदर्शक वयोवृद्ध कॉनी मॅक होते, तर पश्चिमेचे मेल ऑट. त्या दिवशीं डेट्रॉइटच्या बिली पिअर्स नांवाच्या मुलानें सर्वांची वाहवा मिळविली. पुढें तो नामांकित धंदेवाईक गोलंदाज झाला. पश्चिमेच्या बाजूनें खेळलेला नेब्रास्काचा रिची अ‍ॅशबर्न तर कीर्तीच्या शिखरास पोंचला. पुढल्या वर्षीं बेब रूथ एका बाजूस व टाय कॉब दुसऱ्या बाजूस मुलांना हुशारी देत बसले होते. ज्यांचीं चित्रें जमवावीं तेच वीर आपल्या पाठीवर हात ठेवून "शाबास" म्हणत आहेत, हें पाहून त्या पोरांस काय वाटलें असेल! १९४६ पासून हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांनींही असाच सामना सुरू केला, आणि तो १९६५ पर्यंत दरवर्षीं होत असे.

परंतु हे सामने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे. अगदीं लहानांची सोय केली ती पेनसिल्व्हेनिया राज्यांतील विल्यम्सपोर्ट गांवच्या कार्ल स्टॉट्झ या साध्या गृहस्थानें. हा कोणी धनाढ्य नव्हे कीं पुढारी नव्हे. आपल्या दोन भाच्यांबरोबर अंगणांत चेंडू खेळतांना त्याला वाटलें कीं, या पोरांनाही खरा गणवेष, खरें मैदान आणि बेताचीं अंतरें मिळालीं तर किती बहार होईल! त्यानें मुलांना निरनिराळ्या अंतरांवर धांवावयास लावून ठाण्यांचें माप ठरविलें, गांवांतील व्यापाऱ्यांचीं दारें ठोठावून पैसे जमविले, आणि ६ जून १९३९ रोजीं 'लिटल लीग'चा पहिला सामना झाला. लुंडी लंबर या लांकडाच्या वखारीच्या नांवानें उतरलेल्या संघानें लायकमिंग डेअरीच्या संघास २३ विरुद्ध ८ धांवांनीं हरविलें. त्या वर्षीं संघ होते सारे तीन.

युद्धानंतर हें रोपटें भराभर वाढलें. १९४७ सालीं विल्यम्सपोर्टलाच पहिली मोठी स्पर्धा झाली, आणि तिच्या वार्षिक क्रमांतून आजची 'लिटल लीग वर्ल्ड सिरीज' उभी राहिली. हिची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. उन्हाळ्याच्या आरंभीं गांवांतले चार-सहा संघ आपसांत खेळतात. त्यांत चांगल्या-वाईट सर्वच मुलांना जागा असते. तो मोसम संपला कीं सर्व संघांतून उत्तम मुलें वेंचून गांवाचा एक ऑल-स्टार संघ करतात. मग हा संघ जिल्ह्यांत, तेथून राज्यांत, तेथून विभागांत खेळतो, आणि जो शेवटपर्यंत टिकतो तो ऑगस्ट महिन्यांत विल्यम्सपोर्टला जातो. पायरीपायरीनें चढत जाण्याची ही वाट गरिबाच्या मुलासही मोकळी आहे, असें संस्थेचें ब्रीद होतें. १९५५ च्या उन्हाळ्यांत या ब्रीदाची कसोटी लागली.

दक्षिण कॅरोलायना राज्यांत समुद्रकांठीं चार्लस्टन नांवाचें जुनें, संपन्न शहर आहे. गुलामांच्या व्यापारावर ज्या शहरांची भरभराट झाली, त्यांपैकीं हें एक प्रमुख. गुलामगिरी १८६५ सालीं गेली, तरी गोरे व कृष्णवर्णीय यांच्या शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळही वेगळे, असा पंक्तिप्रपंच तेथें कायद्यानेंच चालू होता. १७ मे १९५४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें वेगळ्या शाळा घटनाविरुद्ध ठरविल्या. त्या निकालांत एकत्र केलेल्या खटल्यांपैकीं एक याच राज्यांतील क्लॅरेंडन परगण्यांतून आलेला होता. त्यामुळें तेथील गोऱ्या समाजाचा क्षोभ विशेष होता. एकदां शाळेंत शेजारीं बसूं दिलें कीं सारेंच गेलें, अशी त्यांची समजूत.

अशा वेळीं चार्लस्टनच्या कॅनन स्ट्रीट वाय. एम. सी. ए. या कृष्णवर्णीयांच्या संस्थेनें आपल्या मुलांसाठीं लिटल लीगची शाखा चालविली होती. संस्थेचे अध्यक्ष रॉबर्ट मॉरिसन यांनीं रीतसर परवाना मिळविला होता. चार संघ होते. नियमाप्रमाणें वर्गणी भरलेली, नियमाप्रमाणें वय तपासलेलें, आणि नियमाप्रमाणेंच मोसमाच्या शेवटीं चारही संघांतून अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा निवडक संघ काढलेला. त्या संघाचें नांव शहराच्या स्पर्धेंत दाखल झालें. पूर्वीं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूनें १९४७ सालीं ब्रुकलिनच्या संघांत प्रवेश करून धंदेवाईक बेसबॉलमधील वर्णाची भिंत फोडली होती. तो या मुलांचा देव. मोठ्यांच्या खेळांत जें आठ वर्षांपूर्वीं घडलें, तें आपल्याही वांट्यास येईल, असें या मुलांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

घडलें तें असें. शहरांतील गोऱ्या मुलांच्या संघांनीं स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. मग राज्याची स्पर्धा आली. तेथें लिटल लीगचे राज्यांतील प्रमुख डॅनी जोन्स यांनीं गोऱ्यांची स्पर्धा वेगळी घ्यावी, अशी परवानगी मागितली. मुख्य संस्थेचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनीं ती नाकारली; वर्णावरून भेद करणें संस्थेच्या नियमांत बसत नाहीं, खेळावयाचें नसेल तर बाद व्हावें, असें त्यांनीं स्पष्ट बजाविलें. येथवर त्यांची तारीफच केली पाहिजे. यावर राज्यांतील गोऱ्यांचे सारेच संघ, संख्येनें एकसष्ट, स्पर्धेंतून बाहेर पडले. कॅनन स्ट्रीटचा संघ एकही चेंडू न फेंकतां राज्याचा विजेता ठरला.

आतां पुढची पायरी होती जॉर्जिया राज्यांतील रोम या गांवीं भरणाऱ्या विभागीय स्पर्धेची. तेथें जाण्यास मुलें उत्सुक होतीं. इतक्यांत मुख्य संस्थेनें दुसराच नियम पुढें केला. जो संघ मैदानावर सामने जिंकून आलेला नाहीं, केवळ प्रतिपक्ष न आल्यामुळें विजयी ठरला आहे, त्याला वरच्या स्पर्धेंत खेळतां येणार नाहीं, असा निर्णय मॅकगव्हर्न यांनीं दिला! ज्यांनीं खेळावयाचें नाकारलें, त्यांच्या नकाराचें प्रायश्चित्त जे खेळावयास तयार होते त्यांनीं घ्यावें, हा न्याय म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यापैकींच होय. नियम अक्षरशः पाळला गेला; परंतु नियम ज्यासाठीं केला होता तो न्याय मात्र दाराबाहेर राहिला.

मनाला बोचल्यामुळें असो किंवा लोकापवादाच्या भीतीनें असो, संस्थेनें या मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून येण्याचें निमंत्रण दिलें. एका जुन्या मोटारबसमधून शेंकडों मैलांचा प्रवास करून मुलें गेलीं. गणवेष बरोबर नेलेले. कोण जाणे, ऐन वेळीं मोठ्यांचें मन बदललें तर! २६ ऑगस्ट १९५५ रोजीं अंतिम सामन्यापूर्वीं त्यांचा नामनिर्देश झाला, आणि मैदानावर उतरून थोडा वेळ चेंडू टाकण्या-झेलण्याची त्यांना मुभा मिळाली. तेवढ्या वेळांत प्रेक्षकांतून आवाज उठला, "खेळूं द्या त्यांना! खेळूं द्या त्यांना!" हा घोष त्या मुलांपैकीं कित्येकांच्या कानांत म्हातारपणापर्यंत राहिला. परंतु ज्यांच्या हातीं अधिकार होता त्यांनीं तो मनावर घेतला नाहीं. मुलें मैदानांतून बाहेर आलीं, प्रेक्षकांत जाऊन बसलीं, आणि मॉरिसव्हिलच्या संघानें न्यू जर्सीच्या संघास ४–३ असें हरवितांना त्यांनीं पाहिलें. खेळणारीं मुलें त्यांच्याच वयाचीं होतीं.

या सामन्यानंतर दोनच दिवसांनीं, २८ ऑगस्टला, मिसिसिपी राज्यांत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनीं निर्घृण वध केला, आणि साऱ्या देशांत खळबळ उडाली. चार्लस्टनच्या मुलांस खेळावयास नाकारणाऱ्या सभ्य गृहस्थांचा त्या खुनाशीं कांहीं संबंध नव्हता, हें खरें. तथापि ज्या विचारानें एका ठिकाणीं मुलाच्या हातांतला चेंडू काढून घेतला, त्याच विचारानें दुसऱ्या ठिकाणीं मुलाचा प्राण घेतला. सोंवळ्या भाषेंत बोलला जाणारा द्वेष आणि हातांत शस्त्र घेतलेला द्वेष यांचें नातें आपण समजतों त्याहून फार जवळचें असतें.

कोणी म्हणेल कीं, तो काळच तसा होता. मुलांच्याच मनांत दुजाभाव होता, तेथें वडिलांनीं काय करावें? या आक्षेपाचें उत्तर त्याच महिन्यानें देऊन ठेविलें आहे. दक्षिणेंतीलच फ्लॉरिडा राज्यांत पेन्साकोला येथील कृष्णवर्णीय मुलांचा संघ अशाच रीतीनें, प्रतिपक्षांनीं माघार घेतल्यामुळें, राज्याच्या स्पर्धेंत आला. तेथें ऑर्लँडो शहराचा गोऱ्या मुलांचा संघ त्यांच्याशीं खेळावयास तयार झाला. ९ ऑगस्ट १९५५ रोजीं सामना झाला. ऑर्लँडोनें तो ५–० असा जिंकला. आकाश कोसळलें नाहीं, कोणाचा धर्म बुडाला नाहीं. एका पक्षाची जीत झाली, दुसऱ्याची हार झाली, आणि पेन्साकोलाचीं मुलें हरून का होईना, पण खेळून घरीं गेलीं. त्यांच्या व चार्लस्टनच्या मुलांच्या नशिबांत जें अंतर पडलें, तें मुलांनीं पाडलें नव्हतें.

डॅनी जोन्स यांनीं लिटल लीगचा राजीनामा देऊन केवळ गोऱ्या मुलांसाठीं निराळी संस्था काढली. तीच पुढें 'डिक्सी यूथ' या नांवानें दक्षिणेंत फोफावली, आणि गुलामगिरीच्या रक्षणार्थ लढलेल्या दक्षिणी राज्यांचें निशाण तिच्या चिन्हांत मिरवूं लागलें. काळानुसार तिनें वर्णाची अट सोडली. परंतु आरंभ कोठून झाला तें विसरतां येत नाहीं. चार्लस्टनमधून लिटल लीग कित्येक वर्षें नाहींशीच झाली. इकडे खुद्द स्टॉट्झ यांचेंही त्याच सुमारास आपण लावलेल्या संस्थेच्या चालकांशीं बिनसलें, आणि ते तिच्यांतून कायमचे बाहेर पडले. पोरांसाठीं मांडलेला खेळ फार मोठा झाला, त्यांत पैसा व डामडौल शिरला, ही त्यांची तक्रार होती.

ही तक्रार निराधार नव्हती, असें पुढच्या इतिहासावरून दिसतें. मुलांच्या निवडक सामन्यांनीं पुष्कळ गोड प्रसंग दाखविले, यांत शंका नाहीं. १९५७ सालीं मेक्सिकोंतील मॉंटेरे शहराचीं गरीब घरचीं, अंगानें किरकोळ मुलें विल्यम्सपोर्टला आलीं, आणि एंजल मसियास या बारा वर्षांच्या गोलंदाजानें अंतिम सामन्यांत प्रतिपक्षाच्या एकाही गड्यास पहिल्या ठाण्यापर्यंत पोंचूं दिलें नाहीं. अमेरिकेबाहेरच्या संघानें मिळविलेलें तें पहिलें अजिंक्यपद. परंतु २००१ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांतील एका गोलंदाजानें असाच पराक्रम करून सर्वांस थक्क केल्यावर चौकशी झाली, तेव्हां तो बारा नसून चौदा वर्षांचा असल्याचें उघडकीस आलें. जन्मतारखेचा कागद खोटा होता, आणि तो कांहीं मुलानें केलेला नव्हता. संघाचे सारे विजय रद्द झाले; बाकीच्या निरपराध मुलांचीही मेहनत मातींत गेली.

मुलींची कथाही याच मासल्याची. १९५० सालीं न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्निंग गांवीं कॅथ्रिन जॉन्स्टन नांवाच्या मुलीनें वेणी कापून, मुलग्याचें नांव घेऊन संघांत जागा मिळविली. ती मुलगी आहे हें कळल्यावरही तिच्या संघानें तिला ठेवून घेतलें. संस्थेनें मात्र लवकरच मुलींना बंदी करणारा नियम केला. १९७२ सालीं न्यू जर्सीतील होबोकेन येथें मारिया पेपे या मुलीला तीन सामन्यांनंतर काढून टाकण्यांत आलें. त्यावर खटला होऊन १९७४ सालीं बंदी उठली. तोंवर मारियाचें वय उलटून गेलें होतें. ती पुन्हां लिटल लीग खेळली नाहीं. मात्र तिनें उघडलेल्या दारांतून पुढें असंख्य मुली आंत आल्या, आणि २०१४ सालीं फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीनें वर्ल्ड सिरीजमध्यें प्रतिपक्षास एकही धांव न देतां सामना जिंकून दिला.

बालपणाचें हेंच वैशिष्ट्य आहे कीं, त्याची भरपाई मागाहून करतां येत नाहीं. मोठ्या माणसाचा हक्क आज हिरावला आणि दहा वर्षांनीं परत दिला, तर त्याच्या पदरीं निदान कांहीं तरी पडतें. बारा वर्षांच्या मुलाचा उन्हाळा गेला तो गेला. १९९० नंतर चार्लस्टनच्या गस होल्ट यांनीं कॅनन स्ट्रीटच्या संघाची हकीकत पुन्हां उजेडांत आणिली. जुने खेळाडू शोधून काढले, आणि शहरांत लिटल लीग परत आणण्यासाठीं खटपट केली. २००२ सालीं संस्थेनें त्या संघास विल्यम्सपोर्टला सन्मानपूर्वक बोलावून १९५५ च्या राज्य अजिंक्यपदाचा ध्वज अर्पण केला. घेणारांची साठी जवळ आलेली होती. त्यांतील एक नामांकित वास्तुशिल्पज्ञ झाला होता. इतरांनींही आपापल्या परीनें संसार केले होते. त्यांना उपकाराची गरज नव्हती. त्यांना त्या वेळीं एक सामना हवा होता. हरले असते तरी चाललें असतें.

दूरदेशींची ही गोष्ट वाचून "काय हे लोक!" असें म्हणून मासिक मिटून ठेवणें सोपें आहे. परंतु आपल्या वाड्याच्या अंगणांत, शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या आवारांत मुलें खेळत असतांना "त्याच्याबरोबर नको खेळूं" असें हळूच सांगणारा आवाज कोणाचा असतो, याचा प्रत्येकानें आपल्याशीं विचार करावा. मुलें संघ पाडतात तेव्हां एवढेंच पाहतात कीं, चेंडू कोण बरा फेंकतो आणि पळतो कोण जोरांत. कुळाची, वर्णाची, घराची चौकशी त्यांना आपण शिकवितों. तेव्हां पुढच्या वेळीं घरचें मूल एखाद्या नव्या सवंगड्याचें नांव घेऊन धांवत येईल, त्या वेळीं "तो कोणाचा?" हा प्रश्न ओठांवर येण्यापूर्वीं "तो खेळतो कसा?" असें विचारावें. मूल आनंदानें सांगेल, आणि तेवढ्यानें एका मुलाचा उन्हाळा वांचेल.